गच्चीवरचे पापड आणि माझी खुर्ची

समोरच्या घरात सून आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, हे सरळच सांगते. तिचं काही चुकलं नव्हतं. म्हणून तर जास्त दुखत होतं.

हिंदी मुलखातल्या शहरातली आमची चेरीतालची गल्ली, पण अर्धी मराठी. कुणाचे आजोबा नागपूरकडून आले, कुणाचे भंडाऱ्याकडून; कुणी रेल्वेत चिकटले, कुणी कारखान्यात. काही घरं बौद्ध, काही आमच्यासारखी हिंदू. बाहेर सगळे हिंदी बोलतात आणि आता पोरं घरातही हिंदीच झाडतात. या गल्लीचं काहीही काम निघालं की मला पुढे करायचे. मी सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली बाई, साहेबलोकांशी कसं बोलायचं ते मला ठाऊक. सभा मी बोलवायची, भाषण मी ठोकायचं, साहेबाच्या टेबलासमोर मी उभं राहायचं. माझ्यामागे माझी पर्स धरून माझी मैत्रीण.

तिचं नि माझं घर भिंतीला भिंत लागून. नवरा गेल्यापासून ती कॉलेजच्या मुलांना डबे करून द्यायची. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे आणि मला एकटीनं कुठे जायला आवडत नसे, असं आमचं वर्षानुवर्षं छान जमलेलं होतं. गल्लीत मला मान होता, पण खरं सांगायचं तर मला मैत्रीण होती ती एकच.

थंडी सरता सरता नळाची वेळ बदलली. सकाळचं पाणी भर दुपारी यायला लागलं. मी दिवसभर घरीच, मला काही फरक पडला नाही, तरी गल्लीसाठी म्हणून सभा घेतली. संध्याकाळची वेळ, माइक, भाड्याच्या खुर्च्या. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले आणि कोणीही आलं नाही. लोकांना काही पडलेलीच नाही, असं मी माइकवरून खुर्च्यांना सांगितलं. मैत्रीण तेवढी ऐकत बसली होती.

मग पापडांचे दिवस आले. आमच्याकडे उन्हाळ्यात पापडांचा नंबर लागतो. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. उडदाचं पीठ ज्या घरचं, नंबर त्या घरचा. बाकीच्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. जी तुमच्याकडे लाटायला आली, तिच्याकडे तुम्ही जायचंच, ताप असला तरी. नोकरीत असताना मी त्यातून सुटले ती सुटलेच. माझे पापड दुकानातून येतात. आणखी एक गोष्ट होती. बौद्ध घरांच्या गच्च्यांवर त्यांचा नंबर लागायचा आणि आमच्या गच्च्यांवर आमचा. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी मोडलंही नव्हतं. एकजुटीवर मी पुष्कळ भाषणं केली. पापड मात्र माझ्या कधी डोक्यात आले नाहीत.

समोरचं घर बौद्ध, आणि ही त्या घरची सून. माहेर भेडाघाटचं, वडील संगमरवराच्या मूर्ती कोरणारे. मराठी तोडकंमोडकं. माझ्या मैत्रिणीच्या गच्चीवर पापड सुरू होते तेव्हा ही बगलेत पोळपाट मारून थेट जिना चढून आली. मी माझ्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते, सगळं दिसत होतं.

"काकू, मी पण लाटू क्या?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लाटणी थांबली. मला वाटलं, आता ही परत जाते. आणि माझी मैत्रीण, जी भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही, ती आपला पाट सरकवून म्हणाली, "बस ना बेटा. उभी काहून?"

तिथून सुरुवात झाली. सून मैत्रिणीकडे लाटून गेली, म्हणून मैत्रीण तिच्याकडे गेली. मैत्रीण गेली म्हणून तिच्या मागे आणखी दोघी-तिघी. महिनाभरात कोणत्या गच्चीवर कोण बसलंय याचा पत्ता लागेना. मला रोज हसण्याचे आवाज ऐकू यायचे. मैत्रीण संध्याकाळी यायची ती कमी झाली. आली की तिचंच पुराण. "भाषण नाही करत वो, नुसती विचारते. आणि ऐकून घेते." मी म्हटलं, ऐकायला काय अक्कल लागते? तर मैत्रीण चहा अर्धा टाकून उठली.

घरोघर विचारत फिरणारी ती सून माझ्याकडे सगळ्यात शेवटी आली. हेही मला लागलं. गल्लीतली पुढारी मी, आणि माझं दार शेवटचं!

"काकू, तुमचे पापड कधी? मी येते ना लाटायला."

"मी दुकानातून आणते."

"अच्छा. आणि पाण्यानं तुमचं काय अडून राहिलं, काकू?"

"माझं काय अडणार? मी लोकांसाठी करते."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "मग थकत असाल ना."

ती गेल्यावर मी बराच वेळ भांडी आपटत होते.

पुढच्या आठवड्यात सकाळीच मैत्रीण दारात आली. चप्पल घालून, पदर खोचून. "चाल ना, आम्ही पाण्याच्या ऑफिसात जाऊन राहिलो." त्या 'आम्ही'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं 'आम्ही' म्हणजे ती आणि मी. पण गेले. मी नसताना यांनी काम केलं असतं तर ते मला त्याहून सहन झालं नसतं. माझी पर्स त्या दिवशी मीच धरली.

गल्लीच्या दोन्ही टोकांच्या बायका होत्या. साहेबांची खोली भरून गेली. मला पाहताच साहेब खुलले. "अरे मैडम, आइए, बैठिए!" खोलीत एकच जादा खुर्ची, ती शिपायानं माझ्यामागे सरकवली. मी बसले. काय गोड वाटलं म्हणून सांगू! मी सुनेकडे वळून बघितलं, बघ म्हटलं मनात. मग माझ्या ठेवणीतल्या हिंदीत बोलले. साहेबांनी मान डोलावली, माझ्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाले, "दिखवाते हैं, मैडम." वर्षानुवर्षं मी हेच वाक्य घेऊन घरी येत होते. सवयीनं मी उठायला लागले.

बायका जागच्या हलल्या नाहीत. सून एक शब्द बोलली नाही, नुसती उभी. मग मागून एकीनं सुरू केलं. ती बंगल्यांत धुणीभांडी करते, दुपारी तिच्या घरी पाणी भरायला कोणी नसतं. दुसरीची सासू अंथरुणाला खिळलेली. तिसरीची पोर शाळेतून पळत येते, बादल्या भरते आणि परत जात नाही. आणि मग जो आवाज आला तो मला आधी ओळखूच आला नाही.

"साहब, मेरे डिब्बे बंद हो गए. सबेरे पानी नहीं, तो खाना कैसे बने? मेरा तो वही था, साहब."

माझी मैत्रीण बोलत होती. सुनेनं तिचा हात धरला होता.

साहेबांना त्यांना बसा म्हणता येईना, कारण खुर्ची एकच आणि तिच्यात मी. चहा माझ्या हातात. अखेर तेच उठून उभे राहिले, दोन-तीन फोन लावले आणि सांगितलं, सोमवारपासून पाणी सकाळी. बायका तरी हलेनात. सोमवारी नाही आलं तर मंगळवारी आम्ही इथंच, असं धुणीभांडीवालीनं सांगितलं तेव्हा सगळ्या निघाल्या.

बाहेर मी मैत्रिणीला गाठलं. "डबे बंद केलेस? मला तर गुडघे दुखतात म्हणून कमी केलेत म्हणालीस!"

"तुले तेच सांगतलं."

"आणि तिला?"

"तिनं विचारलं न, बाई. तू काहून नाही विचारलं?"

तिचे डबे बुडाले याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी वाटलं ते हेच, की हिनं तिला सांगितलं, मला नाही. भिंतीपलीकडे सकाळची फोडणी थांबली होती आणि ते मला कळलं नव्हतं, समोरच्या घरातल्या कालच्या पोरीला कळलं होतं.

सोमवारी उजाडताच नळ वाजला. काही दिवसांनी भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला आणि मागोमाग हाक. "उद्या समोर पुन्हा पापड आहेत. लाटणं घेऊन ये."

"मला नाही बोलावलं तिनं."

"मी बोलावून राहिली ना!"

लाटणं फडताळाच्या तळाशी सापडलं. गेले. गच्चीवर मैत्रिणीच्या एका बाजूला ती सून बसली होती, दुसऱ्या बाजूचा पाट रिकामा होता. तिथं बसले. माझा पहिला पापड एकीकडे जाड, एकीकडे फाटलेला. सून हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

मैत्रिणीनं पिठाची एक लाटी उचलली, तेलात बुडवली, मोडली, आणि अर्धी सुनेला दिली, अर्धी मला. कच्ची लाटी खाण्याची मजा पापडात नाही. पण मी आधी तिच्या हातातला तुकडा बघितला, मग माझ्या. सारखेच होते.