अलीकडं ओढलेली तारीख

सहावा महिना सरायच्या आतच माझे पाय इतके सुजले, की मी नवऱ्याच्या चपला घालून शाळेत जायला लागले. कोल्हापुरातली मुलींची शाळा, तीन मजली, आणि दहावीचे वर्ग नेमके तिसऱ्या मजल्यावर. कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं होतं देव जाणे. दिवसातून चार वेळा तो जिना चढायचे, वळणावर कठड्याला धरून उभी राहायचे, आणि मागून येणाऱ्या पोरी विचारायच्या, "बाई, वह्या धरू का?" वह्या कसल्या धरताय गं, मला धरा, असं वाटायचं.

नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. वरच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी माझी मैत्रीण, मुरगूडकडची, बौद्ध घरातली. दोघी एकाच जूनमध्ये नोकरीला लागलो, एकाच बाकावर बसून डबा खाल्ला, आणि दिवसही एकाच वर्षी राहिले. स्टाफरूममध्ये सगळ्यांची हसून पुरेवाट. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "गणितवाल्यांनी हिशेब करून केलंय की काय गं?" हिशेब केला असता तर असा चुकला असता होय?

तिची तारीख दिवाळीनंतरची, माझी जानेवारीच्या अखेरची. बाळंतपणाची रजा तेव्हा तीन महिन्यांची. ती कधी सुरू करायची यावर शाळेतली प्रत्येक बाई सल्ला द्यायची, तोही न विचारता. एक म्हणायची, कळा येईपर्यंत शाळेत ये, तीनही महिने बाळाजवळ मिळतात. दुसरी म्हणायची, वेडी का काय, आधी घे, जीव राहिला तर बाळ. तिसरी मेडिकल जोडायला सांगायची, चौथी अर्धपगारी. आणि सगळ्यांचा शेवट मे महिन्यावर. मेच्या सुट्टीत रजा बुडू द्यायची नाही, हा आम्हा मास्तरणींचा मंत्र. मी ऐकून घ्यायचे. खरं सांगू, मला त्यातलं काहीच नको होतं. मला झोप पाहिजे होती.

घरी सासूबाई नव्हत्या. सासरे, दोन दीर, नवरा आणि मी. पहाटे उठून पाच माणसांच्या भाकरी, मग शाळा, मग परत पाच माणसांच्या भाकरी. पोटात पोर लाथा मारतंय आणि मी परातीत पीठ मळतेय. कुणी वाईट नव्हतं घरात, पण उठून पाण्याचा तांब्या भरून घेणाराही कुणी नव्हता. फळ्यावर प्रमेय लिहिताना उभ्या उभ्या डोळा लागायचा, आणि पोरींच्या खिदळण्यानं जाग यायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आम्हा दोघींना बोलावलं. सरळ बाई, पण दहावीच्या निकालापुढं त्यांना काही दिसायचं नाही. म्हणाल्या, "दोघी एकदम गेला तर मार्चच्या परीक्षेला पोरींना काय मी शिकवू? बदली बाई मिळत न्हाय. एक तरी वर्गावर पाहिजे. तुमचं तुम्ही ठरवा आणि मला सांगा."

म्हणजे साधी गोष्ट होती. माझी बाळंतपणाची वेळ आली, की तिला तीन महिने पुरे व्हायच्या आत परत यायचं होतं. मी जितकी उशिरा जाईन तितकी ती तान्ह्याजवळ जास्त राहणार. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं माझा हात धरला. "तू कवा जाणार तेवढं सांग. त्याच्या दोन दिवस आधी मी हजर. आपल्यात काय वाद न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कार्डावर तारीख लिहून दिली होती. जानेवारीचा शेवट. मला ती पाठ होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "जानेवारीचा पहिला आठवडा."

तिनं बोटांवर मोजलं. "मग माझी पोर दीड महिन्याची आसंल," एवढंच म्हणाली. थोडा वेळ खाली मैदानाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय, जमवू की."

सुधारायला वेळ होता. तिथंच म्हणता आलं असतं, अगं थांब, चुकलं माझं, शेवटचा आठवडा. नाही म्हटलं. मोठ्या बाईंनाही तेच सांगितलं, आणि त्यांनी डॉक्टरांचा कागद मागितला नाही. आमच्या संस्थेचे चेअरमन माझ्या नवऱ्याच्या भावकीतले. मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, पण घ्यावंही लागत नव्हतं. माझ्या मैत्रिणीनं तारीख सांगितली तेव्हा मात्र मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "दाखला आणा बरं का." तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

दिवाळी झाली आणि तिला मुलगी झाली. दीड महिना तिचे वर्ग आणि माझे वर्ग मी एकटीनं ओढले. त्याचं मी मनातल्या मनात फार भांडवल केलं. एवढं राबतेय ना मी, मग तीन आठवडे आधी गेले तर कुठं आभाळ कोसळतंय? माणूस स्वतःची समजूत घालायला बसलं, की त्याच्यासारखा वकील नाही.

ठरल्याप्रमाणे, मी जायच्या दोन दिवस आधी ती हजर झाली. डोक्याला रुमाल, कानात कापूस, चेहरा पांढराफटक. तिच्या घरापासून शाळा बसनं अर्ध्या तासावर, त्यामुळं मधल्या सुट्टीत पाजायला जाऊन येणं शक्य नव्हतं. पोर सासूजवळ ठेवलेली. तिसऱ्या तासाला ती वर्गातून स्टाफरूममध्ये आली ती हजेरीपट छातीशी घट्ट धरून. ब्लाऊज पुढून ओला झालेला. माझ्याकडं बघून हसली. "ह्याला काय घड्याळ कळत न्हाय गं. तिकडं ती रडत आसंल, की हिकडं हे सुरू." मग बाथरूममध्ये गेली आणि दूध पिळून, मोरीत सांडून आली. मी बाकावर बसून वह्या तपासत होते. माझ्या हातातलं पेन थांबलं. तरी दुसऱ्या दिवशी मी चार्ज दिला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुंदवाडची एस.टी. धरली.

कुरुंदवाड माझं माहेर. आईची सगळी तयारी झालेली. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, धुऊन मऊ केलेली बाळुती, डब्यात डिंक आणि खारीक. नवं कापड मात्र एक नाही. "पोर हातात आल्याबिगर नवं शिवायचं न्हाय," हा आईचा कायदा. मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीच्या सासूनं तर पाचव्या महिन्यातच डझनभर झबली शिवली होती, म्हणायची, पोराला थंडी वाजायची वाट बघायची काय? आईनं नुसतं "असंल" म्हटलं आणि खारकांच्या बिया काढत राहिली.

आणि मी झोपले. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. सकाळी उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायचे, जेवून झोपायचे, दिवेलागणीला आई उठवायची, "अगं, सांजच्या पारी झोपू नये." उसाच्या गाड्या घराजवळून करकरत जायच्या, त्यानंही जाग यायची नाही. इतकं सुख मी त्याआधी कधी भोगलं नव्हतं आणि नंतरही नाही. मधेच डोळा उघडायचा आणि तो ओला ब्लाऊज दिसायचा. मग मी कूस बदलायचे. पोटामुळं तीही धड बदलता यायची नाही.

जानेवारीच्या शेवटी मुलगा झाला. शाळेत निरोप गेला, "दिवस वर गेले, पण सगळं ठीक." पहिलटकरणीचे दिवस पुढंमागं होतातच. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं.

महिन्याभरानं एका रविवारी ती बाळाला बघायला आली. नवरा आणि तीन महिन्यांची पोर, दोन एस.ट्या बदलून. तिचे यजमान बाहेर सोप्यात माझ्या वडिलांशी बोलत बसले, ती आत बाळंतिणीच्या खोलीत. मुलीला न होणारी झबली धुऊन, घडी घालून आणली होती. आईनं ती घेतली, पण खुंटीवरच्या पिशवीत ठेवली. बाकीच्या बायांनी दिलेली दुपट्यांच्या ढिगात ठेवली होती. मी बघितलं. तिनंही बघितलं असणार. मग माझ्या मुलाला मांडीवर घेऊन तिनं त्याच्या टोपड्याचे बंद नीट केले, आणि आई कौतुकानं सांगायला लागली.

"डॉक्टरीणबाई किती हुशार म्हणायच्या बघा! पयल्या खेपेला कार्डावर तारीख लिवली, त्याच तारखेला पोर बाहेर. एक दिवस हिकडं न्हाय, एक दिवस तिकडं न्हाय!"

तिचे हात टोपड्याच्या बंदावर होते. ते तिथंच राहिले. गणिताची बाई ती. तिला मोजायला किती वेळ लागणार? मग तिनं गाठ पुरी केली आणि म्हणाली, "व्हय, हुशारच."

तेवढ्यात तिची पोर उठली आणि रडायला लागली. तिनं पिशवीतून पावडरीचा डबा काढला, बाटली काढली. मी विचारलं, "अगं, वरचं देतीस?"

"आटलं की," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत आटलं. पोर दिवसभर वरचंच पिणार, मग रातीला ओढती कुठं? मधी हगवण लागलीवती, चार दिवस दवाखान्यात ठेवली. आता बरी हाय."

आईनं गरम पाणी आणून दिलं आणि तिथंच दाराशी बसली. माझी मैत्रीण बाटली हलवत राहिली. पावडर लवकर विरघळत नव्हती. पोर किंचाळत होती, हिरव्या दुपट्यात हातपाय झाडत होती. आणि मला पान्हा फुटला. दुसऱ्याचं मूल रडलं तरी फुटतो तो, त्याला काय कळतंय. पदराखाली माझा ब्लाऊज भिजला. दे इकडं, मी घेते तिला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण आई दाराशी होती. आमच्या घरात तिला चहा मिळायचा, जेवणही मिळालं असतं, पण तिचं मूल माझ्या अंगावर घेणं आईनं सोसलं नसतं, हे मला माहीत होतं. आणि आईचं तरी नाव कशाला घेऊ? बोलले नाही मी. पदर नीट केला आणि विचारलं, "पाणी पुरेसं गरम हाय ना?"

त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं त्याच बाकावर डबा खाल्ला. तिची मुलगी आमच्याच शाळेत आली, हुशार निघाली, जराशी किडकिडीत. कुणी म्हणालं, "किती बारीक गं ही," की मी डब्याचं झाकण लावून टाकायचे. ती मात्र कधी एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

मग रजा सहा महिन्यांची झाल्याचं परिपत्रक शाळेत आलं. क्लार्कनं स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. तरुण बायांनी टाळ्या वाजवल्या. एक पोटुशी होती, ती तर रडलीच. आम्ही दोघी चाळिशी ओलांडलेल्या, चष्मे लावून सहामाहीचे पेपर तपासत होतो. घंटा झाली, सगळ्या तासाला गेल्या. आमचा दोघींचा तास मोकळा होता. मला एकदम इतका थकवा आला, म्हटलं, आता नाही वाहवत हे.

"मी तुला तारीख खोटी सांगितलीवती," मी म्हटलं. "तीन आठवडे. तुझे. नुसते झोपायला नेले मी."

तिनं पेपरावरची नजर काढली नाही. "ठावं हाय मला."

"आई बोलली तेव्हाच कळलं?"

"त्याच्या आधीच. तू सांगितलंस तवाच. तुझं पोट काय मला दिसत न्हवतं? पण तुझे पाय बी दिसत हुते. म्हटलं, जाऊ दे हिला. माझ्या घरात सासू तरी हाय." तिनं पुढचा पेपर ओढला. "रजेचं सोड. मी तुझ्या जागी असते तर मी बी तेच केलं असतं."

मला वाटलं, सुटले. डोळ्यांत पाणी आलं, मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात हळूच काढून घेतला, लाल पेनचं टोपण घातलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"कुरुंदवाडला मी बाटली हलवत हुते ना, ती पावडर कवाच इरघळलीवती. तू म्हणशील, दे हिकडं, म्हणून मी हलवत बसले. तुझा पदर भिजल्याला मला दिसत हुता. ते न्हाय जात गं मनातनं."

ती पेपरांचा गठ्ठा उचलून उभी राहिली आणि म्हणाली, "चल, पुढचा तास हाय तुझा."