कोटाच्या खांद्यातला वास

दर रविवारी शिरूरच्या एका वाचनालयात मी लिहायला शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, तर अकरा प्रौढ माणसांना डोळे मिटायला लावतो आणि त्यांच्या नाकाखाली काहीतरी धरतो. कधी ओवा, कधी कापूर, कधी पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन. मग सांगतो, पहिली जी आठवण येईल ती लिहा. माणूस चेहरे विसरतो, नावं विसरतो, वास विसरत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. किती ऐटीत म्हणायचो मी ते! आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदाच्या वर्गाच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकानं आपल्या माणसाचा वास असलेली एक वस्तू आणायची होती. मी काय आणणार हे मी केव्हाच ठरवलं होतं. वडिलांचा कोट.

वडील दौंडला रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचे. थंडीतल्या ड्युटीसाठी मिळालेला तो जाड काळा लोकरी कोट, पितळी बटणांचा. आमचं दोघांचं बोलणं बेताचंच. मी शिकून शिरूरला आलो, ते तिकडेच राहिले. फोनवर "बरं हाय ना?" आणि "बरंय", संपलं. ते गेले तेव्हा तेराव्याच्या आत घरातली चिंधी न् चिंधी धुतली गेली. कोट तेवढा मी आईच्या नकळत पिशवीत कोंबून आणला. त्यांच्यावर एक तरी खरं पान लिहायचं होतं आणि त्यासाठी माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

सुरुवातीला कोट काढून कॉलरीत नाक खुपसायचो. मग भीती वाटली, असा हुंगत बसलो तर वास संपेल. म्हणून एका जुन्या गोधडीत कोट गुंडाळला, वरून गाठ मारली आणि माळ्यावर ठेवला. नंतर कित्येक वर्षं त्याला हात लावला नाही; कुठल्या गाठोड्यात बांधलाय तेही विसरून गेलो.

घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन निघतं. अंथरूण-पांघरूण एकूण एक. आमच्या घरची पद्धत अशी, की गोधड्यांची गाठोडी सोड्याच्या गरम पाण्यात तशीच बुडवायची, मुरू द्यायची आणि मग पुरुषानं पायांनी तुडवायची. या वर्षी बायको माळ्यावर चढून एकेक गाठोडं खाली देत होती. एक हातात धरून म्हणाली, "ह्यात काय हाय वो? जड लागतंय."

"असेल जुनं काहीतरी. दे, टाक."

हे मी म्हणालो. मीच. आठवणींचा मास्तर.

टाकीत उभा राहून मी अर्धा तास तुडवत होतो, वर गाणंही गुणगुणत होतो. मग टाचेला काहीतरी टोचलं. खाली हात घातला तर बटण. पितळी.

पुढचं सांगण्यासारखं नाही. गोधडी सोडवली तेव्हा काळं पाणी निघालं. मी ओल्या कोटात तोंड खुपसलं, तर नुसता सोड्याचा वास. बायको चूक आपलीच समजून रडायला लागली आणि मला तिची समजूतही घालता येईना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्यासाठीच लिहून ठेवलं असावं.

कोट वाळला, आकसला. तोच घेऊन रविवारी गेलो.

केडगावहून एसटीनं येणाऱ्या एक बाई वर्गात आहेत, सगळे त्यांना चाची म्हणतात. त्यांचे यजमान शिंपी होते. चाचींनी त्यांची कात्री आणि मशीनच्या तेलाची कुपी आणली होती. त्यांनी चारच ओळी वाचल्या. रमजानमध्ये ईदचे कपडे शिवताना शेजारच्या भज्यांचा वास येऊ नये म्हणून हा माणूस तेलानं माखलेलं बोट नाकाशी धरून बसायचा.

मग मी वाचलं. डिझेल, विडी, घाम, कष्टांचा दरवळ. वाचतानाच कळत होतं की हे सगळं मी रचलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचींनी वाजवल्या नाहीत.

"सर, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "पर ह्यो बाप कुणाचाबी हाय. तुमचा कुठं हाय ह्यात?"

मग मी सगळं सांगून टाकलं. टाकी, सोडा, बटण. सांगताना लाज वाटली. चाचींनी कोट मांडीवर ओढला, उलटा केला, चाचपला. "खांद्यात आत कापूस भरल्याला असतो. अंगाचा वास तिथं मुरतो. धुतला तरी समदा जात न्हाई. आमचे मालक सांगायचे." आणि यजमानांच्याच कात्रीनं त्यांनी अस्तराची शिवण उसवली. आतला पिवळट कापूस बाहेर ओढला, नाकाशी धरला आणि हसल्या.

"हाय की वो! घ्या."

कापूस माझ्या हातात आला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले, जसे त्यांना मिटायला लावायचो तसे, आणि वास घेतला. वास होता. सोड्याचा नव्हे, दुसराच. उग्र, जुना, माणसाचा. मी पुन्हा घेतला. वाट पाहिली की आता दौंडचं घर येईल, दार वाजेल, ते आत येतील. कुणी आलं नाही. तो वास वडिलांचाच असणार, दुसऱ्या कुणाचा असेल? पण मला तो ओळखता आला नाही.

"आला का, सर?" चाचींनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "हाच."