बेचाळीस नावांची सायकल

हक्क म्हणून पैसे मागायला गेलं की लोक दारातही उभं करत नाहीत. तुमचं नाव रंगवून देतो म्हटलं की खुर्ची देतात. हे मला नाशिकरोडला एका सायकलीपायी कळलं.

आमच्या गल्लीतल्या ताईचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. मोठ्या खटपटीनं तिला स्टेशनजवळ एसटीडी बूथ मंजूर झाला. अट एकच: एक तारखेला उघडला नाही, तर यादीतल्या पुढच्याला. रोज रिक्षा केली असती तर सगळी कमाई रिक्षावाल्याची. हातानं फिरवायची तीनचाकी सायकल हवी होती.

मी तेव्हा एका संघटनेची पत्रकं लिहायचे. लगेच लिहिलं, ‘दया नको, हक्क हवा’. पत्रक घरोघर वाटलं. एकलहऱ्याच्या कॉलनीत एका काकूंनी माझ्यासमोर त्यावर भजी निथळत ठेवली. दोन मलाही दिली. पैसे नाहीत.

शेवटी भाजीच्या अडत्यानं शिकवलं. “पोरी, देतो की. पण माझं नाव कुठं येईल? मांडवात येतं, देवळाच्या पायरीवर येतं. तुझ्या कागदावर काय हाय?”

“सायकलवर येईल,” मी चिडून म्हणाले.

“लय बारीक नको,” म्हणत त्यानं पैसे काढले.

सायकलवर नाव येतं, हे दुपारपर्यंत बाजारभर झालं. देवळाली कॅम्पातल्या कापडवाल्यानं वारलेल्या वडिलांचं नाव दिलं, त्याच्या शेजाऱ्यानं जिवंत वडिलांचं. सायकलीपुरते जमले, तर पेंटर म्हणाला, नावं दांड्यावर मावत नाहीत, पाटी लागेल. पाटीसाठी आणखी सात दाते. त्यांचीही नावं, म्हणून पाटी मोठी. मोठ्या पाटीला लोखंडी चौकट. चौकटवाल्याला नाव सगळ्यात वर हवं. मी प्रत्येकाशी भांडले आणि प्रत्येकाला पावती फाडून दिली.

एक तारखेला ताई निघाली. पाठीमागे दारापेक्षा उंच पत्रा, त्यावर बेचाळीस नावं. चढावर सायकल हलेना. वारा आला की मागे सरकायची. दाते दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत चालले होते. ढकलत कोणीच नव्हतं, कारण मागे उभं राहिलं की नावं झाकली जात होती.

“अगं, पाना आण,” ताई मला म्हणाली.

“पाटी काढायची नाय,” अडत्या पुढे आला. “मग सायकल आमची कशावरून?”

“सायकल माझी आहे, काका. पाटी तुमची. न्या घरी.”

न्यायला कोणीच तयार होईना. स्वतःच्या घरी दुसऱ्या एक्केचाळीस जणांची नावं कोण लावणार? आम्ही ती रस्त्याकडेच्या भिंतीला टेकवली. ताई झपझप चढ चढून गेली. बूथ वेळेत उघडला.

पहिलं गिऱ्हाईक अडत्याच. कळवणच्या मेहुण्याला फोन लावून, नाव तिसऱ्या ओळीत असून कसं उतरवलं, ते त्यानं सविस्तर ऐकवलं आणि तसाच उठला.

“पैसे, काका.”

“वर्गणी दिलीय की.”

ताईनं मीटरवरचा लाल आकडा दाखवला. त्यानं मोजून पैसे टेकवले. मशीनमधून बिलाची चिठ्ठी आली, ती उलटसुलट पाहून म्हणाला, “यावर तरी नाव टाक.”

ताईनं पेन घेतलं आणि त्याचं नाव टाकलं. मी असते तर टाकलं नसतं.