कुरण नावाचं गाणं

चारा छावणीत मेंढरांना जागा नव्हती. गाय, बैल, म्हैस असेल तर आत या, दावणीला बांधा, चारा घ्या. मेंढरं आणली तर बाहेर. वडिलांनी गेटवरच्या माणसाला विचारलं, मेंढरं जनावरांत येत नाहीत का? तो म्हणाला, वरून तसा आदेश नाही. वडील माघारी फिरले. मी बरोबर होते, बारावीत होते, आणि त्या माणसाला दगड मारावा असं मला वाटत होतं. त्याच उन्हाळ्यात आमचा कळप व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढला.

आमचं गाव फुलंब्रीच्या अलीकडं. ज्या माळावर आमची मेंढरं चरायची, तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असणार, पण ते विचारायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. त्या वर्षी तिथं चुन्याच्या रेघा पडल्या. मग पांढरे रंगवलेले दगड, मग मुरूम, मग रो-हाऊसेस. गावात टँकर येत होता तेव्हा तिथं बोअर मारून हिरवळ लावत होते. वडिलांना तिथंच वॉचमनची नोकरी लागली. सकाळ-संध्याकाळ हिरवळीला पाणी मारायचं कामही त्यांच्याकडंच. पाहुणे म्हणाले, नशीब काढलं. कमानीवर कॉलनीचं नाव इंग्रजीत होतं. वडिलांनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, कुरण.

ते कमानीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मंग मेंढरं का इकली आपण?"

आजही ते आठवलं की माझी कानशिलं तापतात.

गाणं मला येत नव्हतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि सांगायच्या, तू नुसते ओठ हलव. माझा आवाज मेंढरं वळवून तयार झालेला. माळाच्या या टोकावरून त्या टोकाला हाळी पोचली पाहिजे, एवढंच त्याचं शिक्षण.

कॉलेजला मी एसटीनं शहरात जायचे. एकदा बस आमच्या फाट्यावर न थांबता पुढं निघून गेली. परीक्षा होती. मी पोटातून हाळी दिली. बस पार पुलाजवळ जाऊन थांबली. ड्रायव्हरला वाटलं, कुणी चाकाखाली आलं. त्यानं शिव्या दिल्या, मी परत दिल्या, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तिथं मांडीवर गिटार घेतलेला एक मुलगा होता. शहागंजकडचा, फुलंब्रीला खालाकडं, म्हणजे मावशीकडं, जाऊन परत निघालेला. तो माझ्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "गाना आता क्या तेरेकु?"

"नाय."

"चिल्लाना तो आता ना. बस हो गया."

त्याच्या मामेभावानं दुबईहून एक पेन ड्राइव्ह आणला होता, तो सगळा पंक रॉकनं भरलेला. त्याच्या चाचाची चिकलठाण्याला वेल्डिंगची शेड होती, रविवारी बंद असायची. तिथं त्यानं मला ते ऐकवलं. दोन-तीन सूर, पिसाळल्यासारखा ड्रम, आणि वर एक माणूस, ज्याला गाता येत नव्हतं हे उघड होतं. इंग्रजी मला फारसं कळलं नाही. पण याही माणसाला कुणीतरी मागच्या रांगेत उभं केलं असणार, एवढं नक्की कळलं.

तिसरा भिडू दौलताबादचा, लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवणारा. दुष्काळात लोक लग्नं पुढं ढकलत होते, त्यामुळं तो रिकामाच होता. अशी आमची तिघांची टोळी जमली. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज असा घुमायचा की बाहेर कुत्री भुंकायची. पहिलं गाणं मी शेडमध्येच रचलं, कागद-पेन न घेता:

कुरण इकलं, माती इकली,
कमानीवर कुरण लिवलं!
मेंढरू गेलं, माणूस धरला,
पाणी मारायला ठिवलं!

गिटारवाल्याला अर्धं कळलं. त्यानं दात ओठ खात चाल लावली, ती लई भारी होती, हे मान्य केलंच पाहिजे.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही ते म्हटलं. समोर पाहुण्यांच्या खुर्चीत एक बिल्डर बसला होता, त्याच कॉलनीचा की दुसऱ्या कुठल्या कॉलनीचा, मला माहीत नाही. दुसऱ्या ओळीला माइक बंद झाला. बिघाड नव्हता, केला होता. साऊंडवाला माझ्याकडं बघायला तयार नव्हता. मी माइक खाली ठेवला आणि तसंच म्हटलं, शेवटपर्यंत. मागच्या भिंतीला टेकलेली पोरंसुद्धा ऐकत होती. माळ त्याहून मोठा असतो.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणं गेलं. ते ड्यूटीवरून तसेच आले, खाकी शर्टात, शिट्टी खिशाला लटकलेली. प्राचार्यांनी त्यांना उभंच ठेवलं. मुलीच्या जातीला हे शोभत नाही, स्टेज हे किंचाळण्यासाठी नसतं, असं पुष्कळ ऐकवलं. मला वाटलं वडील हात जोडतील. ते म्हणाले, "सायेब, आमच्यात समदेच वरडत्यात. मेंढरं लांब असत्यात."

प्राचार्यांना तो विनोद वाटला आणि ते हसले. वडील हसत नव्हते. मी तिथंच ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षं आम्ही मिळेल तिथं गायलो. हडकोतलं एक गणेश मंडळ, वाळूजच्या कामगारांचा एक मेळावा, एका जिमचं उद्घाटन. कुठं टाळ्या, कुठं शिव्या. कळप गेल्यावर गावात राहण्यात अर्थ उरला नव्हता. आम्ही हर्सूलला भाड्यानं राहायला आलो, वडील सायकलनं कॉलनीवर जायचे. मोबाइलवर आमचं गाणं कुणीतरी टाकलं आणि पुण्याहून बोलावणं आलं.

पुण्याचा कार्यक्रम संध्याकाळचा होता, एका बिअर मिळणाऱ्या हॉटेलात. आयोजक बाई गोड बोलायच्या. आमच्यासाठी भाड्यानं खरा ड्रमसेट आणला होता. माझ्यासाठी पिशवीतून एक नवंकोरं घोंगडं काढलं आणि हातात काठी दिली. म्हणाल्या, खांद्यावर टाक, आणि सुरुवातीला मेंढरांना बोलावतात तसा आवाज काढ, लोकांना तुझी ओळख पटली पाहिजे.

आमच्या घरात घोंगडं आहे. ते अंगावर घेऊन वडील झोपतात. मी ते नवं घोंगडं घडी करून परत दिलं आणि म्हणाले, मी गायला आलेय. बाईंचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

मी गायले. जीव तोडून गायले. आणि लोक नाचले. हातात ग्लास घेऊन, 'ठिवलं, ठिवलं' ओरडत, एकमेकांच्या खांद्यावर पडत नाचले. आमच्या शहराला पाणी देता देता धरण आटलं होतं, आमच्याकडं नळ आठवड्यानं यायचा, आणि इथं माझ्या बापाच्या हातातल्या नळीवर लोक उड्या मारत होते. गाणं संपल्यावर एका मुलीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, किती रॉ आहे गं तुझं. कॉलेजात माइक बंद केला होता तेव्हा निदान त्यांना शब्द कळले तरी होते.

परतीच्या एसटीत गिटारवाला माझ्यावर चिडला. घोंगडं परत दिल्यामुळं बाईंकडची पुढची तीन बोलावणी गेली होती. "तेरा गुस्सा लोगोंकु पसंद है. एक घोंगडी से क्या बिगडता?"

मी विचारलं, "मग तू जाळीची टोपी घालून वाजवशील का? ओळख पटायला?"

खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "मेरेकु किसीने बोला नई." वाळूजला बस थांबली तशी गिटार उचलून उतरला. त्याला वाळूजला काही काम नव्हतं.

तो पुण्याला गेला. आमचे रविवार बंद पडले. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागले.

मग एक दिवस वडिलांनी त्यांचा मोबाइल माझ्यासमोर धरला. कॉलनीतल्या कुणीतरी त्यांना व्हिडिओ पाठवला होता. स्टेजवर आमचा गिटारवाला, आणि गाणारी एक मुलगी, गोरी, नीटनेटकी, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आधी मेंढरांना बोलावायचा आवाज, मग 'कुरण'. 'लिवलं' आणि 'ठिवलं' ती अशी म्हणत होती जशी मी कॉलेजात इंग्रजी म्हणायचे, जिभेला जपून. वडिलांनी दोनदा पाहिलं.

"गाणं तुजं हाय ना?" ते म्हणाले. "मंग ही कोण?"

ईदला तो घरी आला, तेव्हा मी शहागंजला गेले. त्याच्या अम्मीनं मला शीरखुर्मा दिला, तो मी खाल्ला, कारण तिचा काही गुन्हा नव्हता. मग त्याला विचारलं. तो म्हणाला, चाल माझी, ठेका ताशावाल्याचा, शब्द तुझे, मग गाणं कुणाचं? आणि तू तर बंद केलं होतंस. "घर में रखके अचार डालती थी क्या?"

त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून जास्तच संताप आला. मी म्हणाले, चाल ठेव, शब्द माझे परत दे. तो हो म्हणाला. शब्द काही परत आले नाहीत. तो व्हिडिओ अजून फिरतो, आणि खाली लोक त्या मुलीला 'मातीतला आवाज' म्हणतात.

मी ताशावाल्याला फोन केला. म्हणाले, नवीन करू, दोघंच करू. गिटार नाही तर नाही.

त्या उन्हाळ्यात हर्सूलच्या आमच्या गल्लीत नळच आला नाही, आणि बायकांनी हंडे मांडून जळगाव रोड अडवला. ताशावाला कुठूनसा पाण्याचा निळा ड्रम घेऊन आला, पालथा घातला आणि दोन काठ्यांनी बडवायला लागला. मी नवं गाणं धरलं. नळावरचं. अडकून पडलेल्या ट्रकवाल्यांनी हॉर्न थांबवले. बायका ऐकत होत्या, एक-दोघींनी ओळ उचललीही. बंदोबस्ताचा पोलीस मोबाइल खिशात घालून सरळ उभा राहिला. एवढे दिवस मला जे पाहिजे होतं ते समोर होतं. शब्द पोचत होते.

पहिलं कडवं संपतंय तोवर कोपऱ्यावरून टँकर वळला.

क्षणात रस्ता मोकळा. हंडे, बादल्या, लेकरं, सगळं टँकरमागं. मी तोंड उघडं ठेवून उभी. शेजारच्या काकू धावता धावता ताशावाल्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्यो ड्रम सरळ करा की. भरून घिऊ."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्याही घरात पाणी नव्हतं. त्यानं ड्रम सरळ केला आणि आम्ही दोघं तो ढकलत रांगेत गेलो. मी चिडले होते. टँकरवर, बायकांवर, नळावर, स्वतःवर, सगळ्यांवर. ड्रम भरल्यावर काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "पोरी, दुसरं कडवं राह्यलं की तुजं. उद्या पानी नाय आलं तर म्हन."