चाळीस साहेब, डोळे एकालाही नाहीत

आता काय सांगू तुम्हाला, या फजितीला खतपाणी मीच घातलं होतं. आधी हातातली कापी, म्हणजे तुमची कॉफी हो, पिऊन संपवा, नाहीतर ठसका लागेल.

इंग्रजी अमलातली गोष्ट. कुंभकोणमच्या सरकारी शाळेत मी चित्रकलेचा मास्तर. मास्तर कसला, आठवड्याला एक तास, तोही गणितवाल्यांनी मागितला की द्यायचा. कागद नाही, रंग नाहीत. मुलं पाटीवर चित्र काढायची आणि पुढच्या तासाला त्याच पाटीवर त्रैराशिक. हेडमास्तरांच्या डोळ्यांत तो एक तासही खुपायचा. इन्स्पेक्टर साहेब येताहेत, त्यांना पटलं नाही तर तास बंद, असं त्यांनी बजावलं. तास बंद म्हणजे मीही घरी, हे सांगायला नकोच.

आमचं घराणं तंजावरच्या चिताऱ्यांचं. आजोबा राजवाड्यासाठी देव रंगवायचे. घरची शिस्त एकच: डोळे सगळ्यात शेवटी घालायचे, तेही वेळ बघून. राहुकाळात तर कधीच नाही. मुलांकडून मी हे इतकं घोटून घेतलं होतं की पाढे विसरतील, पण हे नाही.

साहेब आले शुक्रवारी साडेदहाला. खुर्चीत बसले आणि म्हणाले, मुलांनी माझंच चित्र काढावं. मी मनात म्हटलं, देव पावला.

अर्ध्या तासात चाळीस पाट्या समोर. मिशी हुबेहूब, टोपी हुबेहूब, कोटाची तुटकी गुंडीसुद्धा सोडली नव्हती. फक्त डोळे कुणीच काढले नव्हते.

साहेबांनी विचारलं, "मी आंधळा आहे का?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पहिल्या बाकाकडे. तिथला मुलगा शांतपणे उभा राहिला. "सार, शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. डोळे बारानंतर."

मग काय, घाम पुसत मी सगळं शास्त्र साहेबांना सांगितलं. माझी नोकरी गेली हे मी धरूनच चाललो होतो. साहेबांनी घड्याळ काढलं, पाय लांब केले आणि बारापर्यंत चक्क बसून राहिले! बाराला मुलांनी डोळे घातले. साहेब खूश. तास चालू ठेवावा, असं लिहून गेले.

पण हेडमास्तर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. नव्या वेळापत्रकात चित्रकला शुक्रवारी साडेदहाला. साहेबांना आवडलेली वेळ म्हणे. तक्रार कुठल्या तोंडाने करू? त्यानंतर माझी नोकरी संपेपर्यंत आमच्या शाळेतले राजे, राण्या, हत्ती, सगळे आंधळेच राहिले.

निवृत्त झालो तेव्हा मुलांनी वर्गणी काढून कागद आणि रंग आणले, माझी तसबीर काढून दिली. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. समारंभ अर्थात चित्रकलेच्याच तासाला. डोळे नंतर घालू, म्हणाली मुलं. ते राहिलेच.

तसबीर ओसरीवर आहे. परवा बायकोला म्हटलं, कुणाकडून तरी डोळे घालून घेऊ या का?

तिने एकदा तसबिरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"नक्को," म्हणाली, "अगदी तुम्हीच दिसता. समोरचं कधी दिसलं तुम्हाला?"