आक्काच्या दातातली खाच

वडगावात आमच्या घरच्या मागावर धागा तुटला की माझी थोरली बहीण, आक्का, गाठ मारून उरलेलं टोक दातांनी तोडायची. त्यानं तिच्या पुढच्या दातात बारीक खाच पडली होती. पायरीवर पडून तो दात मोडला, तेव्हा टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी सिरॅमिकची कॅप बसवली. धागा त्या गुळगुळीत कॅपवरून निसटू लागला.

"ह्याला बी तसली खाच पाडा की," आक्का त्यांना म्हणाली.

"हा जुन्या दाताहून कडक आहे, पण खाच पाडली की तिथूनच तडकेल."

"मग कसला कडक त्यो?"

मला तिचंच पटलं.

अजून दुपारी मागाच्या खटखटीत ती भिंतीला टेकून पेंगते. ओठ हलतात, आणि झोपेतला धागा बरोबर त्या जुन्या खाचेत बसतो.