सुलभाताईंनी नाव सांगितलं नाही

सुलभाताईंना ज्याने नोकरीवरून काढलं, त्यानेच आज त्यांचा फोटो टाकलाय.

खाली लिहिलंय, "She was family."

साहेब, घरच्या माणसाचं आयडी कार्ड गेटवर गार्डकरवी काढून घेतात का हो?

काल पहाटे ताई गेल्या. दिल्लीत, मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, झोपेतच.
आणि आज त्या फोटोखाली 'RIP ma'am'ची रांग लागलीय. मी पण हात जोडून पुढे सरकणार होते.
नाही जमलं.

वीसेक वर्षांपूर्वीचं गुडगाव. एक काचेची बिल्डिंग, शेजारी रिकामा प्लॉट, प्लॉटात म्हशी. परत काचेची बिल्डिंग.

मी परभणीहून UPSC करायला दिल्लीत आले होते. दोनदा आपटले. हात हलवत घरी जायची लाज वाटत होती, म्हणून कॉल सेंटरला लागले. नसरीनची नॅन्सी झाले. रात्रभर परक्या देशातल्या माणसांच्या शिव्या खायच्या आणि प्रत्येक शिवीनंतर thank you म्हणायचं.

पोरं धडाधड सोडून जायला लागली, तेव्हा कंपनीने सुलभाताईंना आणलं. मूळच्या सांगलीच्या. सोशल वर्क शिकलेल्या. त्याआधी कितीतरी वर्षं दिल्लीच्या वस्त्यांमध्ये बायकांचे गट चालवलेल्या.

शिफ्ट सुटली की सकाळी ट्रेनिंग रूममध्ये आम्ही सात-आठ जण गोल बसून मनातलं बोलायचो.
बोलणं हिंदीतच चालायचं. इथे मराठीत लिहितेय.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "इथलं बोलणं इथेच राहील. कोणाच्या जिवावर बेतत असेल तरच मी मदत बोलावीन. तीही त्याला सांगून."

आम्ही मान हलवली. विश्वास कोणाचाच नव्हता.

आमच्यात रोहित होता. पानिपतचा. वडिलांचे हातमाग बंद पडलेले, घर याच्या पगारावर. सतत जोक मारणारा पोरगा.

(हे त्याला विचारून लिहितेय. म्हणाला, "लिख दे यार, नाव पण लिही.")

एका सकाळी जोक मारता मारता तो थांबला. म्हणाला, "मला जगायचंच नाहीये. बरेच दिवस झाले."



मला वाटलं, ताई आता समजूत काढतील. सगळं ठीक होईल म्हणतील.
त्यांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. आज काही करून घ्यायचं मनात आहे का, असं सरळ विचारलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "असं अजून कोणाला वाटलंय कधी?"

एक हात वर गेला. मग दुसरा.
मग माझा.

रोहित आमच्याकडे बघत राहिला. "तू पण?" मला म्हणाला. आणि रडायला लागला. आम्ही सगळेच रडलो. इतके महिने शेजारी शेजारी हेडफोन लावून बसत होतो, आणि एकमेकांचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

त्याच दिवशी ताई त्याला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. त्याच्या समोर त्याच्या भावाला फोन केला. भाऊ संध्याकाळपर्यंत पानिपतहून आला. तोवर आम्ही आळीपाळीने रोहितजवळ बसलो.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. मी बाहेर लीव्हच्या सहीसाठी उभी.

"ग्रुपमध्ये कोणीतरी unstable आहे असं कळलं. नाव द्या."

"कशासाठी?"

"Risk आहे मॅडम. वेळेत काढायला हवा."

"त्याच्यावर उपचार सुरू आहेत. घरच्यांना माहीत आहे. तुम्हाला नाव लागत नाही."

"पगार कंपनी देते तुम्हाला."

"गट चालवायचा देते. चुगल्या करायचा नाही."

साहेब, तुम्ही तेव्हा हसला होतात. मला आठवतंय.

मग आम्हाला एकेकाला आत घेतलं. चहा पाजला. प्रमोशनच्या गोष्टी केल्या. कोणी नाव दिलं नाही. जी माणसं स्वतःचं खरं नाव लपवून पोट भरत होती, त्यांनी दुसऱ्याचं नाव जपलं.

नंतर ट्रेनिंग रूम रोज 'booked' असायला लागली. आणि एका सकाळी ताईंना गेटवरच अडवलं.

आम्ही शिफ्ट संपवून बाहेर आलो तर त्या फुटपाथवर उभ्या. म्हणाल्या, "गट असा मध्येच तोडायचा नसतो. चला."

शेजारच्या प्लॉटवर विटांवर गोल करून बसलो. गार्ड बघत होता. प्रत्येकाने काय मिळालं, काय राहिलं ते सांगितलं. रोहितने आपणहून सांगितलं, "मी नोकरी सोडतोय. पण घाबरून नाही."

ताईंना परत कुठल्या कंपनीने घेतलं नाही. जिथे जायच्या तिथे आधीच फोन गेलेला असायचा, 'unprofessional आहे'. एका HR वालीने हे मला स्वतः सांगितलंय.
Unprofessional! अख्ख्या बिल्डिंगमध्ये आपला धंदा नीट येणारी ती एकच बाई होती.

त्या परत वस्त्यांमध्ये गेल्या. शेवटपर्यंत गट चालवले. तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही.
म्हणून मी करतेय.

साहेब, तो फोटो काढा. मोठेपणा वगैरे राहू द्या, तेवढं एक करा.

आज स्मशानात रोहित आला होता. पानिपतला पडद्यांचं दुकान आहे त्याचं, केस पांढरे झालेत. ताईंच्या बहिणीपाशी जाऊन हळूच म्हणाला, "ताईंनी माझ्याबद्दल सांगितलंच असेल तुम्हाला."

बहीण गोंधळली. "नाही हो. तुम्ही कोण?"

तो तिथेच खाली बसला.

सुलभाताई, या आता. नमस्कार.